बट्टीचं पीठ जाड दळायचं असतं

धाकट्या भावाच्या लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लागली आणि आमच्या घरात जेवणावरून भांडण सुरू झालं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर आधी नोटीस द्यायची आणि मग तीस दिवस थांबायचं. कुणाला हरकत असेल तर त्यानं ती या तीस दिवसांत घ्यायची. लग्नाला कुणी हरकत घेतली नाही. आमच्या मोठ्या आईनं घेतली, ती केटररला.

"लगन कचेरीत करता, जेवन केटरर करतो, मंग आपुन घरचे काय करता?" तिनं ओट्यावर बसूनच विचारलं. भाऊ फोनवर होता, पुण्यात. स्पीकर चालू होता, त्यामुळे होणाऱ्या वहिनीनंही ऐकलं असणार.

दोघांना गाजावाजा नको होता. तीन साक्षीदार, सह्या, पेढे, झालं. पण गावाकडं एक जेवण द्यायला लागणारच होतं, कारण आम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पंगतींना बसलोय. केटरर घरी आला तेव्हा त्याच्या हातात मोठी यादी होती. पनीर दोन प्रकारचं, मंचुरियन, पाणीपुरीचा काउंटर, तव्यावरची भाजी, वर 'लाइव्ह डोसा'. ताटाला 280 रुपये. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल तालुक्यात, डिसेंबरात, भरताच्या वांग्यांनी बाजार हिरवागार झालेला असताना, लोकांना डोसा कशाला? मी म्हटलं, आपण घरी करू. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, भात, बुंदी.

माझं फैजपूरला मेडिकल स्टोअर आहे. 400 माणसांचा स्वयंपाक मी आयुष्यात केलेला नव्हता. माझ्या स्वतःच्या लग्नात, 2007 साली, आमच्या गल्लीतल्या बायांनी खळ्यात बसून केला होता. मी हळद लावून बसले होते, नुसता वास आला. त्यानंतर गल्लीत आचारी आले, मग केटरर आले. म्हणजे मला जे करायचं होतं ते मी फक्त नाकानं पाहिलेलं होतं.

आमच्याकडच्या नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी 1936 काढलं. फैजपूरला त्या वर्षी काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. "तेव्हा किती लोक जेवून गेले या मातीत, तुझ्या चारशाचं काय घेऊन बसली?" नाना स्वतः 1948 चे. पण सांगताना ते तिथे वाढायला उभे होते असंच वाटतं.

बट्टी ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गहू जाडसर, रवाळ दळायचा. त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि किलोला साधारण शंभर ग्रॅम तेलाचं कडकडीत मोहन. मुठीत दाबलं की पिठाचा मुटका झाला पाहिजे. घट्ट मळायचं, लांब वळकट्या करायच्या, वाफवायच्या, गार करायच्या, कापायच्या आणि मग तळायच्या. काही घरांत गोवऱ्यांवर भाजतात. आमच्याकडे लेवा पाटलांच्या लग्नात तळलेलीच. घाईत गरम वळकटी कापली तर तिचा भुगा होतो, हे अगदी खरं, आणि 400 माणसांच्या स्वयंपाकात गार व्हायला जागा लागते हे मला आधी सुचलंच नव्हतं. वाफवलेल्या वळकट्या एकावर एक रचून ठेवता येत नाहीत. मधल्या घामट होतात आणि चिकटतात. त्यांना खळ्याएवढी जागा लागते.

नोटिशीच्या तीस दिवसांतल्या दुसऱ्या रविवारी आम्ही तालीम केली. पाच किलो पीठ. भाऊबंदांतले अठ्ठावीस जण जेवायला. मी वही घेऊन बसले होते. किलोला साडेपाच माणसं हा आकडा तिथे निघाला. अर्धं माणूस कुठून आलं असं मामांनी विचारलं, तेव्हा त्यांच्याच नातवाकडं बोट दाखवलं. तुरीची डाळ किलोला तेरा-चौदा माणसं. वांगी माणशी दीडशे ग्रॅम, कच्ची. तूप माणशी वीस ग्रॅम, आणि हे वीस ग्रॅम ऐकून मोठ्या आईचा चेहरा असा झाला की मी पाठ फिरवली. शेवटी यादी अशी झाली: गव्हाचं पीठ 75 किलो, तूरडाळ 30, वांगी 60, गंगाफळ 40, तांदूळ 15, तेलाचे तीन डबे, तूप आठ किलो. बुंदी हलवायाकडून. सगळं घरी करायचा हट्ट मी बुंदीपर्यंत आणला आणि तिथे सोडून दिला. 40 किलो बुंदी पाडणं हे माझ्या बापजन्मात जमणार नव्हतं.

तालमीत दुसरंही कळलं. मिरची, मीठ, हिंग हे सरळ हिशेबानं वाढत नाहीत. पाच किलो वांग्याला जेवढा ठेचा लागतो त्याच्या बारापट साठ किलोला घातला तर लोक पाण्याच्या जारवर तुटून पडतील. मोठ्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणीही कमी आटतं. मोठी आई म्हणते, निम्मं घाल आणि चाखत जा. चाखायला तिला कुणावर विश्वास नव्हता, म्हणून एकटीनं चाखत बसली, आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

आता पानांचं. आमचा केळीचा पट्टा, त्यामुळे पान विकत आणायचं म्हटलं तर माणसं हसतील. पण केळीचं पान म्हणजे झाडाचं पोट. घड भरत असताना पानं कापली तर घड उपाशी राहतो, आणि ते नुकसान रिसेप्शनपेक्षा मोठं. म्हणून घड काढून झालेल्या झाडांचीच पानं घ्यायची. तीही करपा नसलेली, आणि वाऱ्यानं झिरमिळ्या न झालेली. बागेच्या पश्चिमेच्या कडेची पानं तर वाऱ्यानं कंगव्यासारखी झालेली असतात, ती सोडून दिली. सालदार आणि मी शनिवारी सकाळी दोन तास हिंडलो तेव्हा दीडशे पानं मिळाली. एकाचे तीन-चार तुकडे. मधली शीर चाकूनं तासायची, नाहीतर पान पंगतीत डुगडुगतं आणि वरण पळतं. ही तासलेली पानं ओल्या पोत्याखाली रचून ठेवली. 500 तुकडे मोजून. हा आकडा लक्षात ठेवा.

शनिवारी संध्याकाळी चारला खळ्यात बाया जमल्या. मोजल्या तर सव्वीस. मी बोलावल्या होत्या सोळा. काहींना बोलावलं नव्हतं म्हणून राग आला होता, आणि त्या रागानंच आल्या. एकीनं आल्या आल्या सांगितलं, "मले सांगाले तोंड नव्हतं का व तुले?" आणि विळी काढून बसली. वांगी चिरायला अशी बाई मी पाहिली नाही. बामणोदकडची वांगी, फिकट हिरवी, एकेक अर्ध्या किलोच्या आसपास, आत बिया नावाला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मानांकन काय आहे हे मी सांगत बसले तेव्हा ती म्हणाली, "कागद मिळाला म्हून गोड झालं का ते?" आणि अर्धी घमेली संपवून टाकली.

मी गंज, पातेली, झारे, पळ्या मंडळाकडून आणल्या होत्या. तरी प्रत्येकीनं घरून एखादी परात, एखादी किसणी आणलेली. परातीवर नावं कोरलेली, एकावर 1971 अशी तारीख. चूल म्हणजे चर खणून त्यावर लोखंडी गज, आत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाभळीची लाकडं. पऱ्हाटी भडकते आणि विझते, बाभूळ टिकते. दोन्ही लागतात. गॅसच्या शेगड्या फक्त तळायला, कारण तळणाला आच स्थिर हवी.

आणि रात्री नऊच्या सुमारास हे झालं.

पहिली पन्नास किलो गव्हाची पोती मी स्वतः चक्कीवर नेली होती आणि उभं राहून जाड दळून घेतली होती. राहिलेली पंचवीस किलो सालदाराच्या हाती पाठवली. त्याला मी "दळून आण" इतकंच म्हटलं. चक्कीवाल्याला वाटलं, रोजचं पोळीचं. सगळं बारीक, मऊ, हातात घेतलं तर पावडरीसारखं. हे आम्हाला कळलं कसं, तर पहिली पाच किलोची परात मळून झाली आणि तो गोळा लवचिक झाला. मोठ्या आईनं त्यात अंगठा रुतवला. अंगठा काढल्यावर खड्डा हळूहळू भरून आला. ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदा रुतवला. मग म्हणाली, "हे पोयीचं पीठ हाये."

खळ्यातला आवाज बंद पडला. मागं चुलीत पऱ्हाट्या तडतडत होत्या तेवढंच.

चूक चक्कीवाल्याची नाही. माझी. मी तिथेच उभी होते आणि मला रडूही येईना, कारण सव्वीस जणी बघत होत्या आणि त्यातल्या किमान चार जणी म्हणाल्या असत्या, बघा, शिकलेली बाई.

बारीक पिठाची बट्टी वातड होते. वाफवताना बाहेरून चिकट, तळल्यावर बाहेरून कडक आणि आतून रबर. मोठ्या आईनं बेत बदलला. मळलेली परात बाजूला, त्याच्या पोळ्या लाटून रात्रीच्या कामकऱ्यांना. बारीक पिठातलं दहा किलो घ्यायचं आणि त्यात मक्याचा जाड भरडा दहा किलो मिसळायचा. भरडा शेजारच्या घरी गाईला आणून ठेवलेला होता. हो, गाईचाच. स्वच्छ होता, ताजा होता, चाळून घेतला. त्या काकूंनी गाईला सकाळी काय घातलं हे मी अजून विचारलेलं नाही. उरलेलं दहा किलो बारीक पीठ आम्ही जानेवारी संपेपर्यंत खात होतो.

आधी तीन तुकडे करून पाहिले. वाफवले, उंबऱ्यात ठेवून गार केले, तळले. पहिला तुकडा मोठ्या आईनं मोडला. मोडताना जो आवाज येतो ना, कुरकुरीत पापुद्र्याचा आणि आतून रवाळ सुटण्याचा, तो आला. मक्यानं थोडी पिवळी झाली होती. ती म्हणाली, चालंल. तिच्या तोंडून चालंल म्हणजे चांगलं.

म्हणजे 75 च्या जागी आमच्याकडे बट्टीचं 70 किलो पीठ झालं. साडेपाचनं गुणा. 385. मी त्या रात्री गुणाकार केला होता, आणि मनाशी म्हटलं, 400 मधले पंधरा तरी येणार नाहीत.

रात्री एक वाजेपर्यंत वाफवत होतो. मोठ्या गंजात तळाशी पाणी, वर चाळणी, चाळणीवर केळीचं पान, पानावर वळकट्या, झाकणावर दगड. अर्ध्या तासानं चाकू घालून पाहायचा, कोरा निघाला की काढायच्या. खळ्यात धुतलेली धोतरं अंथरून त्यावर ओळीनं मांडल्या. डिसेंबरची थंडी, त्यामुळे खराब व्हायची भीती नव्हती, मांजराची होती. नानांनी खाट टाकली आणि काठी घेऊन पहारा दिला. अधिवेशनानंतर एवढी जबाबदारी त्यांच्यावर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एक थर्मामीटर घेऊन गेले होते. शिजलेलं अन्न कोमट राहिलं की जंतू वाढतात, पानात वाढेपर्यंत ते साठ अंशांच्या वर गरम ठेवायचं, हे मी औषधाच्या दुकानात रोज उलट्या-जुलाबांची पाकिटं विकणारी बाई म्हणून जरा जास्तच मनावर घेते. वरणाच्या गंजात काडी बुडवली तर बाया जमा झाल्या. एकीनं विचारलं, "वरनाले ताप आला का व?" दिवसभर मग तेच. वरणाचा ताप किती, वांग्याचा ताप किती. पण गंजाखालचा निखारा कुणी विझू दिला नाही, आणि मला एवढंच हवं होतं.

वांगी घोटायचं काम पुरुषांचं. वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, आलं तेलात परतून पाण्याविना मऊ शिजवायची आणि मग लाकडी रवीनं घोटायची, एकजीव होईपर्यंत. मग शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. साठ किलो वांग्यांचा गंज घोटणं म्हणजे बैलजोडीचं काम. नवरदेव त्यात होता. पुण्याचा नवरदेव, लग्नाच्या सह्या करून दोन दिवस झालेले, अंगात जुना टी-शर्ट, घाम चालू, आणि पाच वाजता आंघोळ करून शेरवानी घालायची. त्याच्या हाताला फोड आला. फोटोत दिसतो, अंगठीच्या बाजूच्या बोटाला.

वहिनी सांगलीकडची. तिच्या माहेरची बत्तीस माणसं आली होती, रात्रभर प्रवास करून. पहिल्या पंगतीत ती बसली. समोर पान, पानावर बट्टीचे पाच-सहा तुकडे, बाजूला वांगी, गंगाफळ, लिंबाची फोड. तिच्या काकांनी बट्टी उचलली आणि वड्यासारखी खाल्ली. कोरडी. मग दुसरी खाल्ली. सभ्य माणूस, काही बोलला नाही, पाणी प्यायला. माझी आई वाढायला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं वाढायची बादली खाली ठेवली, त्यांच्यासमोर बसली, आणि एक बट्टी हातानं चुरली. अगदी बारीक नाही, रव्याच्या दुप्पट जाडीची. चुऱ्याचं मधे आळं केलं. त्यात वरण ओतलं, वर तूप. "आता खा," म्हणाली. पंगतीतल्या सगळ्या सांगलीकरांनी आपापली आळी केली. एका मुलानं दोन केली. वरणाला आमच्याकडे हळद, हिंग, मीठ आणि जिऱ्याची फोडणी, बाकी काही नाही, आणि आमटीची सवय असलेल्या माणसाला ते आधी फिकं वाटतं. वांग्याचा तिखटपणा त्यात मिसळला की मग कळतं. काकांनी चौथ्यांदा वरण मागितलं तेव्हा आईनं माझ्याकडं पाहिलं.

तुपाचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे डिसेंबरात तूप घट्ट होतं. वाढपी पळीनं खरवडत होते आणि पानावर गोळे पडत होते. मग डबा गरम पाण्याच्या पातेल्यात उभा केला. माणशी वीस ग्रॅम हा हिशेब त्या गोळ्यांनीच बिघडवला. पहिल्या दोन पंगतींना एकेकाच्या पानावर चाळीस ग्रॅम गेलं असेल. मोठी आई खूश.

बट्टी पंगतीच्या हिशेबानं तळत होतो. एकदम तळून ठेवली तर गार होते आणि दगड बनते. पंगत बसायच्या वीस मिनिटं आधी कढईत सोडायची. आठ वाजता दुसरी पंगत उठली, आणि मी धोतरांवरच्या वळकट्या मोजल्या. निम्म्याहून कमी. बाहेर मांडवात उभी असलेली माणसं मात्र निम्म्याहून कमी दिसेनात.

आता याचं कारण. गावात आवतणाचे प्रकार असतात. घरटी एक, म्हणजे घरातून एक माणूस. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं. आमचं घरटी एक होतं, बहुतेक गावाला, फक्त भाऊबंद चूलबंद. पण भावानं मोबाइलवर जी पत्रिका सगळ्यांना पाठवली त्यात शेवटी 'सहकुटुंब' असं होतं. पुण्यात तो शब्द शोभेचा असतो. आमच्याकडे तो शब्दशः घेतात. माणसं आजीला घेऊन आली, सुट्टीला आलेल्या जावयाला घेऊन आली. थंडीत भूकही जास्त.

सव्वानऊला बट्टी संपली. चौथी पंगत बसायची होती. पंच्याऐंशी-नव्वद माणसं, त्यात आमचे स्वतःचे सव्वीस, जे दोन दिवस उभे होते.

मोठ्या आईला मी सांगायला गेले तर तिनं आधीच गंज धुवायला लावला होता. तांदूळ दहा किलो शिल्लक होता, कारण लोकांनी भात घेतलाच नव्हता. तूरडाळ तीन किलो कोरडी बाजूला होती. मोठ्या गंजात तेल, मोहरी, लसूण भरपूर, शेंगदाणे, लाल तिखट, हळद, डाळ-तांदूळ. आमची खिचडी. चाळीस मिनिटं लागली. तोवर माणसांना बुंदी वाढली आणि नानांनी 1936 सुरू केलं. गल्लीतल्या घरांतून पापड, बिबडे आणि लोणच्याच्या बरण्या आल्या, न मागता. वरून कच्चं तेल. माझ्या मते त्या रात्री सगळ्यात चांगलं शिजलं होतं ते हेच. पण लग्नाच्या पंगतीत खिचडी म्हणजे खिचडीच. पुढचा महिनाभर दुकानात औषध घ्यायला आलेली माणसं विचारत, "आम्ही चौथ्या पंगतीले होतो, बट्टी नै मिळाली." औषधाच्या बिलात दोन रुपये सूट द्यावी असं वाटायचं.

पानं मोजली. 500 पैकी 34 उरली. 466 माणसं जेवली. केटररच्या ताटाच्या मोजणीपेक्षा ही मोजणी मला खरी वाटते.

हिशेब सांगते, कारण मला अनेकांनी विचारलाय. घरचा गहू आणि लाकूड धरलं नाही. डाळ, तूप, तेल, भाज्या, बुंदी, मसाले, पाण्याचे जार, दोन सिलिंडर, भांडी घासायला चार माणसं, सगळं मिळून 40 हजार 300. केटररचं 400 ताटांचं 1 लाख 12 हजार झालं असतं. आनंद झाला. मग आईनं विचारलं, बायांना साड्या? सव्वीस जणींना 450 ची साडी, 11 हजार 700. म्हणजे 52 हजार. तरी निम्म्याहून कमी. पण दुकान मी तीन दिवस बंद ठेवलं, ते या वहीत नाही. सव्वीस बायांनी दोन दिवस आपापली शेतं आणि पोरं टाकली, तेही नाही. आता त्यांच्यापैकी कुणाच्या घरी कार्य निघालं की मी विळी घेऊन जाणार आहे, ही उधारी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. स्वस्त पडतं म्हणून कुणी हे करायला निघालं असेल तर मी त्याला केटररचा नंबर देईन, खरंच.

आणि फोटो. भावानं अल्बम पाठवला, तीनशेच्या वर फोटो. मी एकातच आहे. मागे, चुलीच्या धुरात, हातात झारा, तोंड उघडं, कुणावर तरी ओरडतेय. कुणावर ते आठवत नाही. साडी नवी घेतली होती, अजून घडी मोडलेली नाही.

फेब्रुवारीत कोपऱ्यावरच्या काकूंकडं मुलीचं लग्न होतं. त्यांनी माझी वही मागायला पोरगा पाठवला. मी पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं, "चक्कीवाल्याला सांगा: जाड. सगळं जाड. स्वतः उभं राहा." मी दोन दिवस गेले, वांगी चिरली, गप्प राहून चिरली. वही आठवड्यानं परत आली. पानांना वरणाचे डाग, आणि माझ्या लाल ओळीच्या खाली काकूंच्या अक्षरात, पेन्सिलीनं: "पीठ जाड होतं. मानसं 400 सांगितली का 550 धरा. तूप लपवा."